मदत हवी आहे: बाळंतीण बहीण ऊसतोडीला जाणार, तिच्या गोळ्या आणि बाळाच्या तपासण्या कशा सांभाळायच्या?

धाकटीची_ताई | १४ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वर्षानुवर्षं इथे वाचनमात्र आहे, हा आयडी आजच काढलाय. का ते पुढे कळेलच.

माझी धाकटी बहीण २२ वर्षांची, सासर बीड जिल्ह्यात. पहिलटकरीण. चौथ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायला गेली तेव्हा रक्तात एचआयव्ही निघाला. मग नवऱ्याचं तपासलं, त्यालाही. दोघांच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, रोज रात्री एक. आठव्या महिन्यात तिचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) केला, 'आढळला नाही' असा रिपोर्ट आला. २० ऑगस्टला बाळंत झाली. मुलगा, पावणेतीन किलो. बाळाला लागण होऊ नये म्हणून रोज नेव्हिरापीनचं सिरप चालू आहे, सहा आठवडे द्यायचंय. अंगावरच पाजते. सध्या माहेरी आईजवळ आहे. इथवर सगळं सुरळीत.

आता खरी अडचण. दिवाळी झाली की टोळी सांगली जिल्ह्यातल्या कारखान्याला निघणार. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) जूनमध्येच घेतली आणि देण्यात गेली. बाळाला सांभाळायला सासू सोबत जाणार. सासूला यातलं काहीच माहीत नाही.

मी कॅलेंडर घेऊन बसले. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची, म्हणजे १ ऑक्टोबर. ती गावातच होईल. दुसरी सहाव्या महिन्यात, २० फेब्रुवारी. ऐन तोडीत. तिसरी वर्षाची, ऑगस्टमध्ये, तेव्हा गावात असतील. आणि शेवटची अठराव्या महिन्यात, म्हणजे परत फेब्रुवारी, परत फडात! चारातल्या दोन तपासण्या उसाने खाल्ल्या. तिच्या गोळ्या तर दर महिन्याला आणायच्या. एक दिवस दवाखान्यात गेला की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम हिशेबात धरणार.

मला विचारायचंय की गोळ्या तिकडे मिळतात का, आणि त्यासाठी इथलं नाव कमी करून घ्यावं लागतं का? बाळाची तपासणी तिकडे कोण करेल? आणि ती पहाटे फडात गेली की कोपीवर (तिथल्या झोपडीवर) सासू बाळाला गाईचं दूध पाजणार, गुटी देणार, हे कसं थांबवू?

मी पुण्यात घरकाम करते, सारखं जाणं जमत नाही. कृपया 'काळजी घ्या' एवढंच लिहू नका.

निवांत_नाना | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

ताई, राग मानू नका, पण लेकरासाठी एक सीझन थांबता येणार नाही का? पैसा काय, पुन्हा मिळेल.

धाकटीची_ताई | १५ सप्टेंबर, सकाळी ९:२५

नाना, उचल कोयत्यावर असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. ती थांबली तर अर्धा कोयता. पुढच्या वर्षी उचल कोण देईल आणि यंदाची फेडायची कशातून? थांबता आलं असतं तर हा धागाच काढला नसता.

साखरशाळा | १५ सप्टेंबर, दुपारी १:०५

मी सात वर्षं कारखान्यावर ऊसतोड मजुरांची मुलं शिकवली. नाना, तिकडे दहा दिवसांची बाळंतीण मोळी उचलताना पाहिली आहे. ही बाई तर दोन महिन्यांनी जातेय.

ताई, एकच सांगते. टोळी एका जागी राहत नाही. कारखाना एकच असला तरी फड बदलतात, कोप्या हलतात. त्यामुळे 'जवळचा दवाखाना' महिन्यागणिक बदलेल हे धरूनच चाला.

समुपदेशक_निवृत्त | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) बरीच वर्षं समुपदेशक होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाव कमी करून घेऊ नका. सहा महिन्यांनी परत येणाऱ्याने कायमची बदली घेतली की परतताना पुन्हा तीच कागदपत्रं, आणि तिथेच माणसं गळतात. गळतात म्हणजे हलगर्जी म्हणून नव्हे. त्या निघताना केंद्राला सांगत नाहीत, कारण सांगितलं तर ओरडतील असं वाटतं. मग दोन महिने गोळी चुकते, मग ओरडा खरंच बसेल म्हणून येतच नाहीत. आमच्या रजिस्टरमध्ये अशा बाईपुढे 'संपर्क तुटला' लिहिलं जायचं. ती मात्र साखर कारखान्यावर असायची.

तर १ ऑक्टोबरला स्पष्ट सांगायचं: "आम्ही ऊसतोडीला चाललो, एप्रिलमध्ये येऊ." तब्येत स्थिर आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर त्यात निघेल. पुढच्या गोळ्या प्रवासातला रुग्ण म्हणून दुसऱ्या एआरटी केंद्रातून घेता येतात. सांगली-मिरजेला केंद्र आहे, कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात आहे. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत लिंक एआरटी (मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) असतं, ते फडापासून जवळ पडू शकेल. कुठलं ते १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारा, फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. एआरटीची वही सोबत हवीच, आणि तिच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये. वही कोपीत भिजते, उंदीर कुरतडतात, सासूच्या हातात पडते. सगळं पाहिलंय.

बाळाची तपासणी म्हणजे टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका कागदी कार्डावर घेतात, वाळवतात आणि ते कार्ड प्रयोगशाळेत जातं. त्यामुळे हे काम मोठ्या शहरातच व्हावं असं नाही. आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) आधी फोन करून विचारा, कारण कार्ड शिल्लक नसलं तर हेलपाटा पडतो. आणखी एक: १ ऑक्टोबरला नेव्हिरापीन बंद होईल आणि कोट्रायमोक्साझोल (इतर जंतुसंसर्ग टाळणारं औषध) सुरू होईल. ते शेवटच्या तपासणीत बाळ मोकळं निघेपर्यंत चालतं. बायका सिरप संपलं की 'औषध संपलं' समजतात आणि दुसरं घेतच नाहीत.

नाव_नको | १६ सप्टेंबर, पहाटे ५:१५

ताई, मी स्वतः त्यातलीच. २००८ साली कळा सुरू झाल्यावर मला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला सिरपचा एक डोस, बस, एवढंच होतं. सगळ्याच गरोदर बायांना जन्मभराच्या गोळ्या २०१४ पासून मिळायला लागल्या. तरी माझी मुलगी निगेटिव्ह निघाली, आता बारावीला आहे. तुमच्या बहिणीच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे तिला सांगा.

बाटलीचं सांगते. गोळ्यांची बाटली खुळखुळते. वरच्या रिकाम्या जागेत कापूस भरायचा. लेबल काढून टाकायचं, पण गोळ्या दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत, दमट होतात. बाटली कापडात गुंडाळून बाळाच्या दुपट्यांत ठेवायची. पत्र्याच्या पेटीत नको, उन्हाने तापते. आणि दोघांना तीच गोळी असेल तर जेवणानंतर नवऱ्याने घेतली की तिनेही घ्यायची. एकाला विसर पडला तरी दुसरा आहे. माझा नवरा गेला, तेव्हापासून मी मोबाइलला अलार्म लावते आणि त्याला 'पाणी भरणे' असं नाव दिलंय.

औषधवाला | १६ सप्टेंबर, सकाळी १०:४०

छोटी पण महत्त्वाची गोष्ट. एचआयव्हीच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध असणार. बाळंतपणानंतर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही देतात. रिकाम्या पोटी सगळं एकत्र घेतलं तर डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही. लोह-कॅल्शियम सकाळी, ही रात्री. एकत्रच घ्यायची वेळ आली तर भरल्या पोटी.

देवदूत_वैद्य | १६ सप्टेंबर, सकाळी ११:५८

~~(प्रतिसाद काढून टाकला आहे.)~~

संपादक: एचआयव्ही 'मुळापासून बरा' करणाऱ्या काढ्याची जाहिरात होती. गोळ्या बंद करा असंही लिहिलं होतं. सदस्यत्व रद्द केलं आहे. कुणी फोन नंबर मागितला तर देऊ नका.

धाकटीची_ताई | १६ सप्टेंबर, रात्री १०:५०

नाव_नको, तुमचा प्रतिसाद मी तिला फोनवर वाचून दाखवला. 'बारावीला' ऐकून काहीच बोलली नाही, फक्त परत वाच म्हणाली.

दुधाचं मात्र राहिलंच. आणि सासूला सांगावं का? बहीण घाबरते. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) तिच्या केसपेपरवर लाल शाईने मोठं लिहून 'ती वाली बाई' म्हणून रांगेत हाक मारली होती. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की हातपाय गार पडतात.

समुपदेशक_निवृत्त | १७ सप्टेंबर, दुपारी ४:१५

ती लाल शाई बेकायदा आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माहिती फोडणं आणि भेदभाव दोन्हीला बंदी. तक्रार करायची की नाही ते तिने ठरवावं. सासूला सांगायचं की नाही तेही तिनेच. तुम्ही नाही, आशाताईंनी नाही, मी तर नाहीच.

दुधाबद्दल. सहा महिने फक्त अंगावरचं. पाणी, गुटी, मध काही नाही. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. गोळ्या आणि बाकी सगळं नीट झालं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. पण फडात एखाद्या दिवशी सासूने वाटीभर वरचं दूध पाजलंच, तर घाबरून अंगावरचं तोडू नका. आईच्या गोळ्या चालू असणं सगळ्यात मोठं. असं झालं तर पुढच्या भेटीत केंद्रात सांगा, एवढंच.

साखरशाळा | १७ सप्टेंबर, रात्री ८:२०

फडाच्या कडेला दोन उसांना साडी बांधून झोळी करतात. सासू तिथेच बसली तर बाळ दर दोन तासांनी आईजवळ. कोपीवर ठेवलं तर दूध पाजल्याशिवाय सासूचंही चालणार नाही, बिचारी रडतं लेकरू किती वेळ थोपवेल? सासूला दुष्ट समजू नका.

नाव_नको | १८ सप्टेंबर, पहाटे ५:२०

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. "पोट नाजूक आहे, वरचं दूध दिलं तर जुलाब लागतील." सासू डॉक्टरला मानते, सुनेला नाही.

धाकटीची_ताई | २ ऑक्टोबर, सकाळी ८:००

सगळ्यांना कळवते. काल तपासणी झाली. सहा आठवड्यांची लसही कालच होती, त्यामुळे सासूला 'डोसाला गेलो' एवढंच सांगायला लागलं. खोटंही नाही. टाचेला टोचलं तेव्हा बाळापेक्षा त्याचा बाप जास्त कळवळला. निघणार असल्याचं सांगितलं तर कुणी ओरडलं नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि पुढे कुठे जायचं ते वहीत लिहून दिलं. बाळाचं नवीन औषधही मिळालं. पहिल्या महिन्यात फोन करायला केअर सपोर्ट सेंटरच्या एका ताईंनी स्वतःचा नंबर दिला.

औषधवाला | २ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

छान झालं. एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, फेब्रुवारीत कामी येईल.

नाव_नको | २ ऑक्टोबर, दुपारी २:३५

सवलत आहे खरी. पण कार्ड कंडक्टरपुढे धरायचं, आणि मागच्या सीटवर मुकादमाची बायको. मी तिकीट काढते.

धाकटीची_ताई | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

बाळाचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. फोन आला तेव्हा ती फडात होती. नवऱ्याने कोयता खाली ठेवला म्हणे.

आता फेब्रुवारी. सहाव्या महिन्याला सरकारी लस नसते, म्हणजे 'डोसाला जातो' चालणार नाही. १९ला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून २०लाच जावं लागेल. उष्टावणाआधी बाळाचं वजन दाखवायचंय असं सासूला सांगावं का? मुकादम एक खाडा धरणार म्हणाला, तो मी पाठवीन. सांगलीकडे कुणी आयसीटीसीत असलं तर कार्डं शिल्लक आहेत का एवढं आदल्या आठवड्यात व्यनित (खाजगी निरोपात) कळवाल का?