मदत हवी आहे: टोकियोत कोराकुएन हॉलला कुठली सीट घ्यावी?

ऑफिसच्या कामासाठी पुढच्या महिन्यात ३ आठवडे टोकियोत आहे. कोराकुएन हॉलला न्यू जपान प्रो-रेसलिंग या कुस्तीचे शो करणाऱ्या कंपनीचा एक तरी शो गाठायचाय. मोठी नावं दिसली तर उत्तमच, पण माझा जीव सुरुवातीच्या लढतींत अडकलाय. त्यात शिकाऊ पोरं, म्हणजे यंग लायन्स, साध्या काळ्या चड्डीत नि काळ्या बुटांत उतरतात. भपकेबाज एंट्री नाही, मोजकेच डाव, आणि बऱ्याचदा शेवट बॉस्टन क्रॅबने: पालथं पाडायचं, दोन्ही पाय काखेत धरून मागे ओढायचे. तेव्हा सुटकेसाठी रिंगच्या दोरीकडे सरपटणाऱ्या पोराचा चेहरा जवळून बघायचाय. (आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात आधी लहान पोरांच्या जोडी लावतात, मी तेव्हापासूनच जाऊन बसतो. तसंच काहीसं.) याच कंपनीत २०१२ मध्ये चॅम्पियन झालेला ओकादाही आधी असाच काळ्या चड्डीत होता.

तिकिटाच्या साइटवर प्रयत्न केला, पण ती जपानी मोबाइल नंबर मागते. तिथला सहकारी काढून देईल, पण तो बेसबॉलवाला. सीट मलाच सांगावी लागेल. बजेट ७,००० येनपर्यंत, एकटाच आहे, जपानी शून्य. शनिवार-रविवार मोकळा, इतर दिवशी ६ नंतरच सुटेन, म्हणजे पहिली लढत हुकायची भीती.

दक्षिणेकडची पायऱ्यांची बाजू उंचावर असल्याने तिथून सगळं दिसतं म्हणतात. पण चेहरे दिसतात का, की रिंगजवळची सपाटावरची मागची रांग बरी? आणि यंग लायन्सची लढत नक्की असेल, हे तिकीट काढण्याआधी कुठे कळतं?