विसर्जनाचे रॉ फोटो लॅपटॉपवर झकास, प्रिंटमध्ये काळपट. काय चुकतंय?

टिळकरोडी:
मंडळी, सल्ला हवाय. गेल्या विसर्जनाला आमच्या ढोलपथकाचे फोटो काढले, लक्ष्मी रोडपासून अलका चौकापर्यंत, सगळे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जसाच्या तसा. आता पथकाला अल्बम करून द्यायचाय. एडिट करताना एक नंबर दिसत होते आणि लॅबमधून ८ बाय १२ ची प्रिंट आणली तर सगळं काळपट, तेच फोटो ग्रुपवर टाकले तर मोबाईलवर भगवे फेटे चक्क मातकट. अजून एक, फाईल उघडली की सेकंदभर फोटो मस्त दिसतो आणि मग डोळ्यांदेखत रंग उतरतो. गुलालाचं तर विचारूच नका, पोरांच्या तोंडाला गुलाबी प्लॅस्टिक चिकटवल्यासारखा दिसतोय. लॅबवाला म्हणतो तुमची फाईलच तशी. सॉफ्टवेअर बदलू का? महिन्याला पैसे भरायचे नाहीत, फुकटातलं सुचवा. विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम.

पाषाणचा_खंड्या:
सॉफ्टवेअरचं नंतर बघू. स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवता? १०० असेल तर प्रिंट काळपट येणारच, कारण स्क्रीन भगभगते म्हणून तुम्ही एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढत बसता आणि कागदाला काही स्वतःचा दिवा नसतो. माझी घरगुती पद्धत सांगतो. स्क्रीनवर कोरी वर्ड फाईल उघडा, शेजारी कोरा ए-४ कागद धरा, खोलीतला नेहमीचा दिवा चालू ठेवा, आणि दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटते, मग सवय होते. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) बंद आहे ना तेही बघा, आणि लॅपटॉपबरोबर आलेलं रंग भडक करणारं ॲप असेल तर तेही बंद करा.

सेकंदभर मस्त दिसण्याचं म्हणाल तर रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेग असतो, आधी तो दिसतो. मग सॉफ्टवेअर खरा डेटा आपल्या पद्धतीने उलगडतं आणि कॅमेऱ्याचा मेकअप उतरतो, एवढंच. घाबरू नका.

डार्करूमवाले_काका:
खंड्या बरोबर बोलतोय. मातकट फेट्यांचा मात्र मला एक्सपोर्टवर संशय आहे. तिथे कलर स्पेस, म्हणजे फाईलमध्ये कोणकोणते रंग मावतात ती चौकट, ॲडोबी आरजीबी निवडलीय का? 'मोठी कलर स्पेस म्हणजे भारी' असं वाचून बरेच जण तिथेच फसतात. एसआरजीबी १९९६ ची, एचपी आणि मायक्रोसॉफ्टची, साध्या मॉनिटरसाठी केलेली. ॲडोबी आरजीबी १९९८ ची, हिरवे-निळसर रंग तिच्यात जास्त मावतात. पण समोरच्या ॲपने प्रोफाईल (कोणती कलर स्पेस आहे ते सांगणारी फाईलमधली चिठ्ठी) वाचलंच नाही तर तेच आकडे ते एसआरजीबी समजून दाखवतं आणि रंग मरतो. मोबाईल आणि बहुतेक लॅबसाठी एसआरजीबीच, आणि प्रोफाईल फाईलमध्ये एम्बेड करा. कॅमेऱ्याच्या मेनूतली कलर स्पेस फक्त जेपेगला लागू होते, रॉला त्याचं सोयरसुतक नाही.

फुकटात डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी. मी डार्कटेबल वापरतो. पहिले १५ दिवस शिव्या घालाल, इतके मॉड्यूल आहेत की कुठून सुरू करावं कळत नाही. तुम्ही फक्त एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन (रंगांचा तोल) आणि सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट) धरून चला. ८ जीबीत चालतं, नॉइज काढायला लागलं की पंखा ओरडतो तेवढं सोसा.

रंगारी_नंबर_वन:
गुलालावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मीही मिरवणुकीत यात हात पोळून घेतलेत. हिस्टोग्रॅममध्ये (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे बघा, लाल उजव्या भिंतीला चिकटलेला असणार. बाकी फोटो ठीक असतो, तेवढा एक चॅनल फुटलेला, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन आदळलेला असतो म्हणून चेहऱ्यावरची घडी, घाम, काहीच दिसत नाही. रॉ १४ बिट असेल तर प्रत्येक चॅनलला १६,३८४ पायऱ्या, जेपेगला २५६, त्यामुळे सेन्सरवरच फुटला नसेल तर तपशील परत येतो. एक्सपोजर थोडं खाली घ्या, मग फक्त गुलाबी रंगाचं सॅच्युरेशन कमी करा. सगळ्या फोटोचं नको, फेटे मरतील. व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरा पांढराच दिसावा म्हणून) गुलाल पडायच्या आधीच्या फोटोतला पांढरा सदरा पिकरने टिपा, पण त्याच उजेडातला. एलईडीच्या जांभळ्या झोतातला सदरा टिपलात तर सगळं पथक हिरवं होईल.

आणि लॅबला सांगा, ऑटो करेक्शन नको.

टिळकरोडी:
सापडलं!! नाइट लाइट रात्री ९ ला आपोआप चालू होत होता आणि मी एडिटिंगला बसतो तेच जेवण झाल्यावर, म्हणजे पिवळ्या स्क्रीनवर बसून फेट्यांतला पिवळा काढत होतो. वर एक्सपोर्ट ॲडोबी आरजीबी, काकांनी बरोबर ओळखलं. कागद धरून ब्राइटनेस ३८ वर आला, बायको विचारतेय लॅपटॉप बिघडला का. गुलालाचं आत्ताच एका फोटोवर केलं, ताशावाल्याच्या गालावरचे घामाचे ओघळ दिसायला लागले. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं यंत्र) घ्यावा का?

डार्करूमवाले_काका:
एका अल्बमसाठी कशाला घेता? माझा आहे, रविवारी लॅपटॉप घेऊन कोथरूडला या. डी-६५ (पांढऱ्याची ठरलेली छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा), ब्राइटनेस १०० कँडेलाच्या आसपास लावू, अर्ध्या तासाचं काम. पॅनल ४५ टक्के एनटीएससीवालं, म्हणजे मुळातच कमी रंग दाखवणारं निघालं तर सगळा एसआरजीबीही दिसणार नाही, ते कॅलिब्रेटरच्याही हातात नाही. तोवर अल्बम छापू नका, ४ बाय ६ ची एकच प्रिंट काढून आणा, गुलालवालीच.

टिळकरोडी:
येतो काका, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा-खारी माझ्याकडून.