बिडाचा पाइप मधेच तडकलाय, रबरी कपलिंग चालेल का?

संडासाचा उभा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप मधे उभा तडकला आहे. साधारण ४०० मिमीचा तुकडा कापून तिथे पीव्हीसी बसवायचा विचार आहे. वरचा-खालचा पाइप जागचा हलत नाही. दोन्ही टोकांना क्लँपवालं रबरी कपलिंग (दोन पाइप जोडणारी रबरी बाही) लावलं तर टिकेल का? पाइप उघड्यावर आहे, भिंतीत गाडलेला नाही.

प्रतिसाद १
टिकेल. बीड आणि पीव्हीसी सोल्व्हंटने (पीव्हीसीच्या चिकटद्रवाने) चिकटत नाहीत, आणि दोन्ही टोकं पक्की असताना सॉकेटमध्ये, म्हणजे पाइपच्या रुंद तोंडात, पाइप सरकवायला वाव नसतो. अशा जागेसाठीच ही वस्तू आहे. मात्र नुसतं रबर घेऊ नका, वरून स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचं वेष्टन असलेलं घ्या. नुसत्या रबरात एक पाइप जरा बाजूला सरकला की आत पायरी होते, तिथे घाण अडकते आणि लाइन तुंबते. ते जमिनीखाली ठीक, जिथे चोपलेली वाळू पाइपला चहूबाजूंनी धरून ठेवते.

माप बाहेरच्या व्यासाचं. पाइपला दोरा गुंडाळा, लांबीला ३.१४ ने भागा: ३४५ मिमी भरली तर ११० मिमी. बीड आणि पीव्हीसीचं माप जुळलं नाही तर दोन तोंडांचं वेगळ्या मापाचं कपलिंग मिळतं. क्लँप आवळून फरक भरून काढायला जाऊ नका.

प्रतिसाद २
कापायच्या आधी वरच्या पाइपला भिंतीत पक्का क्लँप मारा. बीड जड असतं. आधार नसेल तर कापताक्षणी वरचा भाग खाली बसतो. रबराने वजन पेलायचं नसतं.

कापलेली कड कानशीने साफ करा, गंज खरवडून काढा. कपलिंगच्या आत मधोमध रबराची कडा असते, तिच्यासाठी नवा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा ५-६ मिमी आखूड कापा. पत्रा आधी पाइपवर सरकवून ठेवा, रबराचा अर्धा भाग मोज्यासारखा उलटा दुमडा, तुकडा बसवा, मग रबर उलगडा. घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. स्क्रू आलटून पालटून आवळा. बऱ्याच कपलिंगना आवळायचा जोर (टॉर्क) ६० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ७ न्यूटन-मीटर लागतो. पट्टीवर आकडा छापला असेल तर तोच धरा.

प्रश्नकर्ता
वरून एम-सीलचा थर दिला तर?

प्रतिसाद २
नको. गळलंच तर पाइप तिरका आहे, माप चुकलंय किंवा गंजाच्या खड्ड्यांवर रबर बसलंय. एम-सीलखाली स्क्रू गाडले की पुन्हा आवळताही येणार नाहीत.