आभाळ निरभ्र असलं तरी

‘पाऊस नसेल तर नदीपात्रातल्या वाळूवर तंबू ठोकायला काय हरकत आहे?’ हरकत आहे. आपल्या डोक्यावर चांदणं असताना वीस किलोमीटर वर घाटात ढग कोसळत असू शकतो. आणि अचानक पाण्याचा लोंढा यायला कधीकधी पाऊस लागतच नाही. 8 जून 2014 ला हिमाचलात मंडीजवळ बियास नदीत फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे 24 अभियांत्रिकीचे विद्यार्थी वाहून गेले, ते वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका नदीही तशीच. तिथलं राफ्टिंगच मुळात भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. त्यामुळे वर धरण आहे का आणि पाणी कधी सोडतात, हे गावात विचारूनच जागा ठरवा. चहाच्या टपरीवाल्याला बहुतेक वेळा हवामानाच्या ॲपपेक्षा जास्त माहीत असतं!

जागा बघताना पाण्याकडे नाही, झाडाझुडपांकडे बघा. फांद्यांत अडकलेलं गवत, चिंध्या, प्लॅस्टिक दिसलं की समजा, पाणी तिथवर येऊन गेलंय. तंबू त्याच्या बराच वर हवा. नदीच्या मधल्या बेटावर तर अजिबात नको, फोटो कितीही झकास येवोत.

नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, की सामान तिथेच टाकून चढावर पळायचं. काठाकाठाने खाली पळू नका. आणि दोन हजारांच्या तंबूसाठी परत फिरणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.