लहान मुलांना समुद्राचं संगीत: आधी सारेगम की आधी लाटा?

ऐरोलीची_आई
आमच्या सेक्टरमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांचा संगीताचा क्लास सुरू झालाय, दर शनिवारी पाचला. पेटी नाही, सारेगम नाही, मुलं समुद्राचे आवाज काढतात आणि त्यातनं स्वतःचं काहीतरी वाजवतात. बरेच पालक नाराज, फी भरून परातीत मोहरी हलवायची का म्हणे. मला मात्र हे मनापासून पटलंय. परवा मागे बसून बघितलं, टीचर म्हणाल्या लाट आणा, तर सगळ्यांनी जोरात हलवली, नुसता खडखडाट. मग एका मुलीने परात अगदी सावकाश कलती केली, मोहरी सरकत काठाला जाऊन थांबली, तीही थांबली, मग दुसरीकडे कलती केली. कोणी न सांगता बाकीची पोरं तिच्या लयीत आली! हे संगीत नाही तर काय?

तबला_नौपाडा
ताई, राग मानू नका पण नाही पटत. आवाज काढणं वेगळं, संगीत वेगळं. या वयात कानावर जे पडेल ते कायमचं बसतं, सा पक्का करायचा तो आत्ताच. आणि लाटेला सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कुठे असते? एक लवकर येते, दुसरी उशिरा, मुलाला ठेका कळणार कधी?

दिवाळे_कोळीवाडा
सर, समुद्राला ठेका नसेल, समुद्रावरच्या माणसाला आहे. आमची कोळीगीतं बहुतेक सहा मात्रांत, तुमच्या दादरा तालासारखीच. वल्हं मारताना, जाळं ओढताना सगळ्यांचा जोर एकदम लागला नाही तर काम होत नाही. पोरांच्या हातात जाड दोर द्या नि ओढायला लावा, सम आपोआप कळेल.
पण ताई, माझीपण एक तक्रार आहे. असल्या क्लासमध्ये मोबाईलवर कुठल्यातरी बीचचा आवाज लावतात. अहो आपल्याकडे खाडी आहे, इथे लाटा फुटत नाहीत. ओहोटीला चिखल उघडा पडला की बारीक चटचट ऐकू येते, भरतीला पाणी होडीच्या बुडाला थपथप करतं. पोरांना हे कोण ऐकवणार?

ऐरोलीची_आई
दादा, मोबाईलचं खरंय, टीचरना सांगते. सर, जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फने १९५० च्या दशकात मुलांसाठी जी पुस्तकं काढली त्यातही बोलणं, टाळ्या, हालचाल आधी, नोटेशन नंतर. ही काही आजची फॅशन नाही.

तबला_नौपाडा
ऑर्फचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, त्याच्याकडे खाली एक छोटा ठेका सतत चालू असतो आणि मुलं त्यावर आपलं वाजवतात. तुमच्या क्लासमध्ये तो खालचा ठेका कोण धरतंय? तेवढंच विचारतोय. दोर ओढायचं पटलं मला, कारण त्यात मात्रा आहे, नुसत्या मोहरीत नाही.

दिवाळे_कोळीवाडा
मग जेट्टीवरच या सगळे, पोरांचे हात धरून. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे या शनिवारी पाचला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. जागा तीच नि आवाज एकदम वेगळे.

तबला_नौपाडा
येतो. माझं मत तेच आहे, डग्गा घेऊन येतो, सहा मात्रा मी धरतो. त्यावर मुलं काय वाजवायचं ते वाजवू देत, मग बोलू.