मदत हवी आहे: मिनेसोटात आता हरणासाठी रायफल चालते, पण शेत दोन काउंटीत असेल तर?

नमस्कार मंडळी, मी रोचेस्टरपासून तासाभरावर राहतो, चार सीझन झाले शेजारच्या शेतकरी आजोबांबरोबर त्यांच्याच रानात हरणाला जातोय. (हो, लायसन्स आणि हरणाला लावायचा परवाना-टॅग काढून. सांगलीला सासूबाईंना अजून पटत नाही, हरीण मारलं की जेल, आणि तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते खरंच आहे.)

आमचा दक्षिणेकडचा भाग आत्तापर्यंत शॉटगन झोन, म्हणजे बारा बोअर आणि स्लग (एकच जाड गोळी असलेलं काडतूस), नाहीतर मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक). सपाट जमीन, मका काढला की मोकळं रान आणि पलीकडे कुणाचं तरी घर, म्हणून रायफल नको असं. २०२५ मध्ये विधिमंडळाने तो झोनच काढला, १ जानेवारी २०२६ पासून रायफल चालते, फक्त काउंटी बोर्डाने स्वतःचा ऑर्डिनन्स (स्थानिक नियम) केला तर तिथे शॉटगनच. इथवर कळलं.

घोळ पुढे आहे. आजोबांच्या शेतातलं जुनं तारेचं कुंपण म्हणजेच दोन काउंटींची हद्द. माझा ट्री स्टँड (झाडावरचं बसायचं मचाण) अलीकडे, हरणं येतात पलीकडच्या ओढ्यातून. एका काउंटीने रायफल बंद ठेवली आणि दुसरीने नाही, तर मी बसलोय ते धरायचं की हरीण उभंय ते? आजोबा म्हणतात "कोण बघतंय", पण ग्रीन कार्डवर आहे हो मी, मला नसती लफडी नकोत. आणि तीनशे आठची रायफल घ्यायचीच का? स्लगने खांदा आठवडाभर निळा असतो एवढीच तक्रार आहे खरं तर.

उत्तर १: दोन्ही काउंटींच्या साइटवर ऑर्डिनन्स स्वतः वाच, दुकानदाराचं ऐकू नकोस. मग नकाशा घेऊन डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला फोन, हद्दीचं तोच सांगेल. तोवर बंदूक घेऊ नकोस. स्टँडवरून गोळी खाली मातीत जाते तोच अँगल धर, तीनशे आठ चुकली तर मैलाच्या वर जाते.

उत्तर २: एच-वन-बी (तात्पुरता कामाचा व्हिसा) वाल्यांनी हे वाचून लगेच दुकानात पळू नये. फेडरल कायद्याने त्यांना बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचं चालू लायसन्स हा एक अपवाद.

धागाकर्ता: धन्यवाद. सोमवारी फोन करतो. खांद्याला सध्या जाड रिकॉइल पॅड.