जॉश गिब्सनच्या फलकावरचे 800 होम रन : दुरुस्ती हवी की नको?

धागाकर्ता

पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये, बेडफर्ड ॲव्हेन्यूवर, पेनसिल्व्हेनिया राज्याने 1996 साली उभारलेला एक निळा फलक आहे. जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूच्या बेसबॉल कारकिर्दीची सुरुवात 1929 मध्ये येथील ॲमन फील्ड मैदानावर झाली आणि त्या कारकिर्दीत त्याने सुमारे 800 होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे, चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, असे त्यावर नोंदवलेले आहे. माझ्या मते हा आकडा आता बदलायला हवा. कृष्णवर्णीयांना मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची दारे बंद होती त्या काळातील निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांच्या, नोंदी मे 2024 मध्ये मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत विक्रमांत सामावून घेतल्या. त्यांत गिब्सनची कारकिर्दीतील फलंदाजीची सरासरी .372 (म्हणजे दर हजार संधींत 372 यशस्वी फटके) भरली आणि तोवर सर्वोच्च असलेली टाय कॉबची .367 ही सरासरी मागे पडली. 1943 च्या हंगामातील त्याची .466 ही सरासरीही आता सर्वोच्च ठरली आहे. होम रन मात्र त्याच नोंदींत दोनशेदेखील भरत नाहीत. तपासलेला आकडा इतका भक्कम असताना सरकारी फलकावर ऐकीव आकडा राहू दिला, तर शंकेखोरांच्या हाती आयते कोलीत मिळते. 800 जर सिद्ध होत नाहीत, तर .372 वर तरी का विश्वास ठेवावा, असे ते विचारणारच.

प्रतिसाद 1

आपण फलक पुन्हा एकदा वाचावा. त्यावर लीगमधील 800 असे म्हटलेलेच नाही, 'बेसबॉल कारकिर्दीत' असे म्हटले आहे. गिब्सनची 1972 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनासाठी) निवड झाली, तेथील पाटीवर तर लीगचे आणि स्वतंत्र सामने मिळून जवळजवळ 800, असे स्पष्टच लिहिले आहे. निग्रो लीगमधील संघांचे पोट लीगच्या सामन्यांवर भरत नसे. मेजर लीगचा संघ तेव्हा हंगामात 154 सामने खेळत असे. यांच्या वाट्याला लीगचे सामने साधारण त्याच्या निम्मे, पुष्कळदा त्याहूनही कमी येत आणि उरलेले दिवस बसमधून गावोगाव हिंडण्यात, मिळेल त्या मैदानावर मिळेल त्या संघाशी, कधी एकाच दिवसात दोन सामने खेळण्यात जात. ज्या बंदीमुळे त्याला असे खेळावे लागले, तिनेच आखून दिलेल्या मोजपट्टीने आपण त्याचे होम रन पुन्हा कमी करणार आहोत का?

धागाकर्ता

सामने झाले, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांतील कित्येक प्रतिस्पर्धी गावचे किंवा कारखान्यांचे अर्धव्यावसायिक संघ होते. क्रिकेटमध्येही प्रथम श्रेणीच्या धावांत आपण क्लबच्या सामन्यांतील धावा मिसळत नाही. शिवाय मेजर लीगचा दिग्गज बेब रूथ याचे 714 होम रन ज्या देशात पाठ होते, तेथे 'काळा बेब रूथ' म्हणवल्या गेलेल्या खेळाडूच्या नावावर नेमके 800 यावेत, हे मला जरा जास्तच सोयीचे वाटते.

प्रतिसाद 2

मला दोघांचेही पटत नाही, कारण 2024 ची नोंदही पूर्ण नाही. निग्रो लीगच्या सामन्यांच्या नोंदींपैकी जवळपास पाव भाग अजून सापडलेला नाही. 'पिट्सबर्ग कुरियर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत जे छापले गेले, त्यातून हे आकडे वेचावे लागतात, आणि तेथेही अनेकदा पूर्ण धावफलक नसे. तेव्हा जे सापडले तेवढेच घडले, असे समजून नवा आकडा कोरणे हीही घाईच होईल. त्या फलकावर मला खटकते ते वेगळेच. याच बेडफर्ड ॲव्हेन्यूवर गस ग्रीनलीने 1932 मध्ये ग्रीनली फील्ड हे मैदान बांधले, त्याच्या क्रॉफर्ड्स संघाकडून गिब्सन तेथे खेळला, आणि 1938 मध्ये ते पाडून त्या जागी घरकुले उभारली गेली. ज्या रंगबंदीमुळे त्याला मेजर लीगमध्ये उतरता आले नाही, तिचा तर फलकावर उल्लेखही नाही. आकडा सरळ काढून टाकावा आणि ती जागा या मजकुराला द्यावी.

प्रतिसाद 1

आकड्याविना स्मारक कसे असते, त्याचेही उदाहरण पिट्सबर्गमध्येच आहे. गिब्सन 20 जानेवारी 1947 रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला; मेजर लीगची रंगबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला तो त्याच वर्षी 15 एप्रिलला. अ‍ॅलेघेनी दफनभूमीतील त्याच्या कबरीवर 1975 पर्यंत साधा दगडसुद्धा नव्हता. मग जो बसवला, त्यावर नाव आणि वर्षांखेरीज एवढेच शब्द आहेत : महान बेसबॉलपटू. अनोळखी माणसाला त्यातून काहीच कळत नाही, आणि 800 वाचल्यावर तो निदान थांबून चौकशी तरी करतो. म्हणून मी आकडा काढण्याच्या विरोधात आहे.

धागाकर्ता

चौकशी करणाऱ्याला पुढे दोनशेहून कमी होम रन सापडतील, तेव्हा त्याची फसवणूक झाल्याची भावना होईल, ही माझी अडचण कायम आहे. मात्र हॉल ऑफ फेमच्या पाटीप्रमाणे 'लीगचे आणि स्वतंत्र सामने मिळून' हे शब्द फलकावरही घातले, तर मी माझी हरकत मागे घेईन.

प्रतिसाद 2

मी घेणार नाही. रंगबंदीचा उल्लेख त्यातही राहूनच गेला.